प्रसाधनगृह काढून

ढगेबाईंचं आडनाव ढगे नाही, हे मला कळायला चार वर्षं लागली. आणि माझं कामच मुळी कोण आलं, कोण काय बोललं ते लिहून ठेवायचं. चार वर्षं मी सभेच्या हजेरीपत्रकावर सुरेख अक्षरात ‘श्रीमती ढगे’ लिहीत होते आणि त्या बिचाऱ्या त्यासमोर मुकाट्यानं सही करत होत्या. सही नीट वाचली असती तर तेव्हाच कळलं असतं. पण सह्या कोण वाचतं?

शहरात मोठी इमारत बांधायची तर तिचे नकाशे आधी आमच्या समितीपुढे येतात. इमारत दिसते कशी, माणसं आत शिरतात कुठून, रस्त्यानं चालणाऱ्याला तिचा त्रास होईल का, हे सगळं सात जाणकार मंडळी महिन्यातून दोनदा एकत्र बसून बघतात. पहिला तासभर नकाशे बघतात, मग घड्याळ बघतात. मी टेबलाच्या टोकाला बसून जे बोललं जाईल ते टिपून घेते आणि मग त्याचं इतिवृत्त तयार करते. एकोणीस वर्षं हेच करते आहे. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी मध्ये बोलत नाही, या दोन गुणांवर माझं निभावलं.

आता ढगांचं सांगते. समितीनं सुचवलेले बदल करून नकाशा परत येतो, तेव्हा जेवढा भाग बदललाय त्याच्याभोवती वळणावळणाची रेघ मारायची पद्धत आहे. लहान मुलं ढग काढतात ना, तशी. म्हणजे समितीनं थेट तेवढंच बघावं, सगळा नकाशा पुन्हा धुंडाळत बसू नये. ढगाबाहेर काय आहे ते कोणी बघत नाही. त्यामुळे कित्येक ऑफिसांतले लोक अडचणीचा बदल गुपचूप करतात आणि ढग काढायला सोयीस्करपणे विसरतात. ढगेबाई कधी विसरल्या नाहीत. एक भिंत चार बोटं सरकली तरी ढग. दाराची उघडायची बाजू बदलली तरी ढग. त्यांच्या ऑफिसातली पोरं त्यांना चेष्टेनं ढगेबाई म्हणू लागली, नवीन आलेल्यांना ते आडनावच वाटलं, आणि पुढे आमच्या कार्यालयातून सरकारी शिक्क्यानिशी पत्र गेलं ते ‘श्रीमती ढगे यांस’. ते मीच लिहिलं होतं.

त्या नकाशे काढणाऱ्या. आर्किटेक्ट नव्हेत. आर्किटेक्टसाहेब हवेत हात फिरवून सांगणार आणि ढगेबाई ते मापात बसवणार. सत्तावीस वर्षं एकाच ऑफिसात. आधी शाईनं, मग कॉम्प्युटरवर. शाईच्या पेननं उजव्या हाताच्या मधल्या बोटाला पडलेला घट्टा अजून तसाच होता. आताचे साहेब म्हणजे ऑफिस काढणाऱ्या थोरल्या साहेबांचा मुलगा. त्याला पट्टी कशी धरायची हे ढगेबाईंनीच शिकवलेलं. सभेला त्या नकाशांच्या गुंडाळ्या घेऊन यायच्या, फळ्यावर चुंबकांनी नकाशे लावायच्या आणि दाराशेजारच्या खुर्चीत जाऊन बसायच्या. त्यांना कधी कोणी काही विचारलं नाही. मलाही कोणी विचारत नाही, म्हणून आमचं जमलं. बाहेरच्या बोळात चहाचं मशीन आहे. त्यातून येतं त्याला चहा म्हणायचं असं ठरलेलं आहे. आमच्या सगळ्या गप्पा त्या मशीनपाशी.

ज्या इमारतीची ही गोष्ट, ती खाली दुकानं, त्यावर तीन मजले कचेऱ्या आणि त्यावर नऊ मजले घरं अशी होती. त्या जागेवर जुन्या बैठ्या दुकानांची रांग होती. ती पाडून नवी इमारत उभी राहायची आणि त्याच दुकानदारांना तळमजल्यावर नवे गाळे मिळायचे. अशा इमारतीत सगळ्यांनाच सगळं हवं असतं. वर राहणाऱ्यांना दुकानांची गर्दी नको, दुकानदारांना वरच्यांच्या गाड्या नकोत, आणि कचेरीवाल्यांना आपलं दार सगळ्यांत मोठं हवं. दोन वर्षांत ती आमच्यापुढे सहा वेळा आली. मी तर तिला घरचीच म्हणायला लागले होते.

पहिल्या नकाशात मागच्या बाजूला, जिन्याशेजारी, दुकानांतल्या कामगारांसाठी एक प्रसाधनगृह होतं. बायकांसाठी दोन, पुरुषांसाठी एक, आणि उजेडाला खिडकी. नकाशावर त्याला प्रसाधनगृह म्हणतात, समितीत टॉयलेट म्हणतात आणि ढगेबाई सरळ संडास म्हणायच्या. दुसऱ्या खेपेला एका सदस्यांना वरच्या रहिवाशांचं प्रवेशदार कोंदट वाटलं. ते रुंद झालं आणि संडास आत सरकला. तिसऱ्या खेपेला विजेच्या मीटरांची खोली कमी पडली. ती वाढली आणि खिडकी गेली. चौथ्या खेपेला एका सदस्यांना सायकली ठेवायला जागा हवी होती. ते गृहस्थ स्वतः गाडीतून येतात, पण सायकलींवर त्यांचा फार जीव. सायकलींना जागा मिळाली आणि संडास जिन्याखाली गेला. दर वेळी ढगेबाई त्याला कुठेतरी बसवायच्याच. पाचव्या खेपेला तळमजल्याचा नकाशा इतका ढगाळ झाला होता की त्यात इमारत शोधावी लागत होती. संडासाच्या जागी नुसता एक चौकोन होता आणि त्यात शब्द. आत काय ते नंतर बघू, असं साहेब म्हणाले होते.

मी एकदा मशीनपाशी त्यांना विचारलं, “ढगेबाई, त्या एका संडासाचं एवढं काय घेऊन बसलात हो?”

त्यांनी कप खाली ठेवला. “माझी धाकटी तिथं आहे ना,” त्या म्हणाल्या.

धाकटी म्हणजे त्यांची बहीण, अकरा वर्षांनी लहान. आई लवकर गेल्यावर ढगेबाईंनीच तिला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही; का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. धाकटीचं लग्न झालं होतं, मोडलंही होतं. आता दोघी एकत्र राहायच्या. धाकटी त्या रांगेतल्याच चपलांच्या दुकानात कामाला होती. सकाळी नऊला उभी राहायची ती संध्याकाळी सातपर्यंत. शिडीवर चढून खोकी काढायची, वाकून लोकांच्या पायांत बूट चढवायचे, पुन्हा शिडी. त्या सगळ्या रांगेत संडास नाही. मालक लोक पुरुष, त्यांचं भिंतीआड भागतं. बायकांनी जायचं ते मागच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर. जायला-यायला वीस मिनिटं, आणि मालक घड्याळ बघत उभा. म्हणून धाकटी सकाळपासून पाणीच प्यायची नाही. दोन वर्षांत तीनदा लघवीच्या जंतुसंसर्गानं तापली. तिसऱ्या खेपेला मूत्रपिंडापर्यंत गेलं आणि सहा दिवस दवाखान्यात काढले.

“डॉक्टर तिला रागावले,” ढगेबाई म्हणाल्या. “पाणी प्या म्हणाले. जसं काही तिला तहानच लागत नाही.”

हे त्यांनी रडून वगैरे सांगितलं नाही. मोजमाप सांगावं तसं सांगितलं. मीच तोंड फिरवून कप धुवायला गेले. तो कागदाचा होता, धुवायचं काही कारण नव्हतं.

तर ती पाचवी सभा. आमची इमारत त्या दिवशी सगळ्यांत शेवटी होती. अडीच तास झाले होते, माझी पाठ बोलायला लागली होती, आणि समोरचा पंखा नुसता आवाज करत होता. दर्शनी भागाच्या रंगावरून चाळीस मिनिटं गेली. मग अध्यक्ष उठून फळ्यापाशी गेले. आमचे अध्यक्ष वयस्कर, जन्मभर विद्यार्थ्यांना शिकवलेले. त्यांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं.

“हे काय? नुसता चौकोन आणि त्यात शब्द? आत बाई वळणार कशी? भांडी किती, दार कुठल्या बाजूला उघडतं, हवा कुठून येणार? हे नीट काढून दाखवा, मग मंजुरीचं बघू.”

मी मान वर केली तर ढगेबाई दाराशेजारच्या खुर्चीत ताठ बसलेल्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्या चौकोनाबद्दल बोललं होतं. मग सभा संपली, खुर्च्या सरकल्या, आणि मी घरी जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी इतिवृत्त लिहिलं. आमच्या भाषेत लिहिलं. बोलण्यातली कडबोळी सोडवून, सभ्य करून. अध्यक्षांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली आणि प्रती रवाना झाल्या.

दहा दिवसांनी ढगेबाई तिसरा मजला चढून माझ्या टेबलाशी आल्या. धापा टाकत होत्या. हातात माझ्याच इतिवृत्ताची प्रत.

“बाई, हे तुम्ही लिहिलंत?”

मी वाचलं. त्यांनी पेन्सिलीनं त्या वाक्याभोवती ढग काढला होता. ‘तळमजल्यावरील मागील बाजूचे प्रसाधनगृह काढून सुधारित नकाशे पुन्हा सादर करावेत.’ मला काही चुकलेलं दिसेना. पुन्हा वाचलं, तरी दिसेना. तिसऱ्यांदा वाचलं आणि ‘काढून’पाशी थांबले.

“अहो, काढून म्हणजे... रेखाटून. अध्यक्ष म्हणालेच ना तसं, नीट काढून दाखवा.”

“मी होते तिथं. मला कळलं,” ढगेबाई म्हणाल्या. “साहेबांना दुसरं कळलं. आणि बिल्डरच्या माणसाला तर फारच लवकर कळलं. त्या जागेत एक छोटा गाळा बसतो म्हणे. समितीनंच काढायला सांगितलंय, लेखी आहे, म्हणाला. हसत होता.”

एकोणीस वर्षं मी लिहिते आहे. माझ्या लिहिण्यात काना-मात्रेची चूक कोणी दाखवलेली नाही. आणि चुकले ते असं, की चूक म्हणून दाखवताही येऊ नये. वाक्य बरोबर होतं, आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा निघत होता. मला माझा इतका राग आला की मी तो शिपायावर काढला. तो बिचारा नुसता पाणी घेऊन आला होता.

सही झालेलं इतिवृत्त मधेच बदलता येत नाही. त्याची एकच वेळ असते. पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमी ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा असतो. तेव्हा कोणी हरकत घेतली तर दुरुस्ती होते. एकदा कायम झालं की झालं.

“मी बोलते तेव्हा,” मी म्हटलं. “उभी राहून सांगते, माझी चूक झाली म्हणून.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे नक्की.”

ढगेबाईंनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. सत्तावीस वर्षं साहेब लोकांचं ‘नक्की’ ऐकलेली बाई. “बघा,” एवढंच म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

मधल्या दिवसांत त्यांच्या ऑफिसात काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. नकाशांच्या ऑफिसात एक बोली असते. एखादी गोष्ट नकाशातून नाहीशी करायची तर म्हणतात, उडवा. ती भिंत उडवा, तो खांब उडवा. आणि काढा म्हणजे काढा. जिना काढा, खिडकी काढा. थोरल्या साहेबांपासून ही रीत. दोन्हींची गल्लत झाली तर आख्खा दिवस फुकट जातो, म्हणून सगळे जपून बोलायचे. पण धाकटे साहेब त्या दिवशी घाईत होते, एका हातात फोन, दुसऱ्या हातात माझं इतिवृत्त. दाराशी उभ्याउभ्याच म्हणाले, “ढगेबाई, समितीनं लिहिलंय तसं करा. ते प्रसाधनगृह काढा.”

“काढू?” ढगेबाईंनी विचारलं.

“काढा म्हटलं ना!”

“बरं,” ढगेबाई म्हणाल्या.

सभेचा दिवस उजाडला. मी आदल्या दिवशी आरशासमोर वाक्य पाठ केलं होतं. ‘अध्यक्ष महाराज, मागील इतिवृत्तात माझ्याकडून एक संदिग्धता राहून गेली आहे.’ यजमान म्हणाले, एवढं कशाला, सरळ चूक म्हण. सभा सुरू झाली. अध्यक्षांनी चष्मा लावला, कागद उलटला आणि म्हणाले, “मागील इतिवृत्त. कायम?” सात माना हलल्या. मी पेन धरलेला हात वर केला. खांद्यापर्यंत केला. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना वाटलं मी लिहायला तयार आहे म्हणून खुणावते आहे. “हं, घ्या लिहून, कायम,” ते म्हणाले. “विषय दोन.”

आणि मी लिहिलं, कायम.

एवढ्या वर्षांत मी त्या खोलीत एक शब्द बोलले नव्हते, आणि नेमका त्या दिवशी तोंडातून आवाज निघेना. याला कारण नाही. कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. ढगेबाई दाराशेजारच्या खुर्चीत होत्या. मी तिकडे बघितलं नाही.

आमचा विषय आला. ढगेबाईंनी नकाशे लावले. साहेबांनी सगळ्यांत आधी दर्शनी भागाचा नवा रंग समजावून सांगितला. ते सही करतानाही दर्शनी भाग तेवढाच बघतात. तळमजल्याचा कागद सगळ्यांत खाली असतो आणि तिथवर त्यांचा हात पोचत नाही. ते बोलून दमले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “तळमजला?” ढगेबाई उठल्या, वरचा कागद उचलून बाजूला केला आणि पुन्हा दाराशी जाऊन बसल्या.

सगळ्या नकाशात एकच ढग होता. एवढा मोठा की मला टेबलाच्या टोकावरून दिसला. आत संडास होता. पण काय संडास! बायकांचे दोन, पुरुषांचा एक. भांडी मापात. दारं बाहेर उघडणारी, म्हणजे आत बाईला वळायला जागा. हात धुवायची दोन भांडी, एक जरा खाली. हवेसाठी वरपर्यंत गेलेली पोकळी, आणि जिन्याच्या पायऱ्या जरा सरकवून मिळवलेली हातभर रुंद खिडकी. दाराच्या आतल्या बाजूला पर्स अडकवायला आकडा, तोसुद्धा मापासकट. सत्तावीस वर्षांतलं सगळं कसब त्या एका चौकोनात ओतलेलं.

आर्किटेक्टसाहेबांनी तो कागद तेव्हा पहिल्यांदाच पाहिला. मागच्या रांगेत बिल्डरचा माणूस अर्धा उठला.

“हां,” अध्यक्ष म्हणाले. जवळ जाऊन त्यांनी खिडकीचं माप वाचलं. “असं. मी म्हटलं होतं ना, नीट काढून दाखवा. याला म्हणतात काढणं. कोणी काढलं हे?”

साहेब म्हणाले, “आमच्या ऑफिसनं.” दुसरं म्हणणार तरी काय? समितीनं काढायला सांगितलं नव्हतं असं म्हणावं, तर लेखी होतं. उडवायला सांगितलं होतं असं म्हणावं, तर अध्यक्ष समोर उभे. इमारत मंजूर झाली. मी लिहिलं, ‘तळमजल्यावरील प्रसाधनगृह दाखवल्याप्रमाणे बांधण्यात यावे.’ या वेळी तीनदा वाचलं.

बाहेर बोळात साहेबांनी त्यांना गाठलं. मी दाराआड होते, ऐकायलाच थांबले होते, खोटं कशाला सांगू?

“मी काढा म्हटलं होतं.”

“काढलं की, साहेब.”

“ढगेबाई, तुम्हाला कळत होतं मला काय म्हणायचंय ते.”

“हो,” त्या म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांना तिथंही जमलं नाही.

साहेबांनी त्यांना कामावरून कमी केलं नाही. लहानपणची ओळख आड आली असेल. नुसतं काम देणं बंद केलं. रोज येऊन कॉम्प्युटरच्या बंद पडद्यासमोर बसायचं, चहा आला की प्यायचा, पोरं आजूबाजूला धावपळ करताहेत ती बघायची. ज्या बाईनं सत्तावीस वर्षांत कधी दुपारी मान वर केली नाही, तिला असं बसवलं. दोन महिने त्या बसल्या आणि मग स्वतःच चिठ्ठी लिहून निघून आल्या. मला त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही की त्या दिवशी तुम्ही का नाही बोललात. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला कितीदा तरी वाटलं.

इमारत उभी राहायला तीन वर्षं लागली. दुकानं सुरू झाली, त्याला दोनेक महिने झाल्यावर मी मुद्दाम गेले. चपलेचं निमित्त होतंच. धाकटी मला लगेच ओळखू आली, ढगेबाईंचंच नाक. मी तिला माझी ओळख सांगितली, चप्पल घेतली, आणि म्हटलं, “ते मागचं बघून येते जरा. तुमच्या ताईनं काढलेलं.”

तिनं मागच्या दाराकडे बघितलं. मग म्हणाली, “बंद असतं ते.”

मागे जाऊन बघितलं. सगळं नकाशाबरहुकूम होतं. दार, खिडकी, जागा, सगळं. दाराला कुलूप. किल्ली पुढच्या बाजूला, रहिवाशांच्या प्रवेशदाराशी बसलेल्या पहारेकऱ्याकडे. हवी तर तिथं जायचं, वहीत नाव लिहायचं, दुकानाचा नंबर लिहायचा, गेल्याची वेळ, आल्याची वेळ. येणारे-जाणारे बघत असतात. सामान पोचवणारी माणसं तिथंच टेकलेली असतात. पहिल्याच आठवड्यात एका मुलीला पहारेकऱ्यानं मोठ्यानं विचारलं, आत्ताच तर गेली होतीस ना? तेव्हापासून बायकांनी जाणं सोडलं.

“आणि पंप?” मी विचारलं.

“पंप हलवला. आता नाहीये.” तिनं खोक्याचं झाकण लावलं. मग माझा हात धरला. “ताईला सांगू नका हं. मी तिला रोज सांगते, जाते म्हणून.” मी हो म्हटलं.

मी दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांच्या खोलीत गेले आणि या वेळी मात्र बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. “पण बाई, दार आहे ना? आपण दारापर्यंत. कुलूप आपल्या अखत्यारीत येत नाही,” ते म्हणाले. मग मी इमारतीच्या संस्थेला अर्ज केला. महिन्यानं उत्तर आलं, सुरक्षेच्या कारणास्तव सध्याची व्यवस्था योग्य वाटते. वाक्यात काहीच संदिग्ध नव्हतं.

शेवटी मी ठरवलं की ढगेबाईंना सांगायचं. धाकटीला दिलेला शब्द मोडला तरी चालेल. एकदा गप्प बसून त्यांचं नुकसान केलं होतं, दुसऱ्यांदा नको. संध्याकाळी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, पहिल्या मजल्यावर. खिडकीशी टेबल, त्यावर एका सुताराच्या कपाटांचे नकाशे. आता तीच कामं करायच्या. मला बघून त्यांना खरंच आनंद झाला. चहा टाकला. मी विषय कसा काढावा या विचारात होते तेवढ्यात दाराचा आवाज झाला आणि धाकटी आत आली. तिनं मला पाहिलंसुद्धा नाही. पायातली चप्पल न काढता, पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती तीरासारखी आतल्या खोलीत गेली आणि संडासाची कडी लागली.

मी ढगेबाईंकडे बघितलं. त्या चहा गाळत होत्या.

“रोज असंच,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “तिला वाटतं मला कळत नाही.”

“म्हणजे, ते कुलूप... तुम्हाला माहीत आहे?”

“पहिल्या आठवड्यापासून.” त्यांनी गाळणं झटकलं. “नकाशात दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवतात हो. किल्ली कोणाकडे, ते दाखवायची पद्धत नाही. माझ्या डोक्यातच आलं नाही ते.”

“मग तुम्ही तिला बोलत का नाही?”

“बोलले तर तिला वाटेल, माझी नोकरी तिच्यापायी फुकट गेली. तुम्हीही बोलू नका.”

कडी निघाली. धाकटी तोंड धुऊन बाहेर आली, मला बघून दचकली, आणि तिचे डोळे माझ्या चेहऱ्यावर काहीतरी शोधू लागले. मी बशीकडे बघत राहिले.

“ताई,” ती हसून म्हणाली, “आज दोनदा जाऊन आले. अगदी स्वच्छ ठेवतात गं.”

“बरं झालं,” ढगेबाई म्हणाल्या. “बस. चहा घे.”

पण तिनं चहा घेतला नाही. ओट्यावरचं पाण्याचं भांडं उचललं आणि उभ्याउभ्या, श्वासही न घेता, सगळं पिऊन टाकलं. ढगेबाईंनी ते तिच्या हातातून घेतलं, पुन्हा भरलं आणि तिच्यासमोर ठेवलं.